कांगलां म्हणजे काय?

पत्र असं आहे, थोडं कापून देतेय. (माटोळी म्हणजे गोव्यात चवथीला गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांनी सजवलेली चौकट, कांगलां हे तिच्यात बांधायचं रानफळ.)

«ताई, नमस्कार. मी डिचोलीकडचा, वय २३, गोवा विद्यापीठात एमए मराठी करतोय. माझे बाबा ६३ वर्षांचे, मराठी शाळेत मास्तर होते, गावच्या जत्रेच्या नाटकात तीस वर्षं उभे राहिलेत. दोनेक वर्षांपासून त्यांचे शब्द जातायत. ह्या चवथीला माटोळी बांधताना ते सगळ्याला नुसतं फळ, फळ म्हणत होते, आम्ही हसलो. मग काकानं कांगलां मागितली तर बाबांनी विचारलं, 'कांगलां म्हणजे काय?' तेव्हा कोण हसलं नाही. बाकी सगळं ठीक आहे, स्कूटर घेऊन साखळीच्या बाजारात जातात, हिशेब चोख, काल कोण आलेलं तेही सांगतात. एका डॉक्टरना दाखवलं, ते म्हणाले वय झालं, गोळ्या दिल्या ताकदीच्या. मी रात्री दोन-तीन वाजेपर्यंत नेटवर वाचत बसतो, चौदा पेपर डाउनलोड केलेत, मला हा प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया वाटतो, त्यातला लोगोपेनिक. आता डिझर्टेशनचा विषय द्यायचाय आणि मला बाबांचीच भाषा घ्यावीशी वाटते, रोज रेकॉर्ड करायचं, कुठला शब्द कधी गेला ते टिपायचं. आई म्हणते बापायचो तमासो करूं नाका. ती देवळात कौल लावून आलीय. आत्येचे यजमान म्हणतात तुम्ही घरात कोकणी, शाळेत मराठी असं दोन-दोन करता म्हणून डोक्यात गोंधळ होतो, आता एकच भाषा बोला. आणि हे मला पण होईल का हे विचारायचं होतं. शेवटचं म्हणजे बाबांना यंदाही नाटकात उभं राहायचंय. काय करू?»

अरे पुता, तू चौदा पेपर वाचलेस आणि एवढ्या पत्रात बाबांच्या तोंडचं वाक्य एकच आहे, तेही तीन शब्दांचं. पण त्या तीन शब्दांवर मी अडकले. नीट बघ ते वाक्य. व्याकरण बरोबर, उच्चार साफ, प्रश्न विचारायची ढब मास्तरांची, फक्त कांगलां गेलीयत. जो माणूस दरवर्षी रानात जाऊन कांगलां, घागऱ्यो, हरणां, माट्टी आणून स्वतःच्या हातानं माटोळीला बांधत आला तो विचारतोय कांगलां म्हणजे काय. शब्द नुसता सापडत नसला तर माणूस कसा करतो ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, अरे ते रे, ते लाल, ओठांवर आहे बघ, हातानं आकार करतो, चिडतो, रात्री झोपताना एकदम आठवतं. तुझ्या बाबांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी शोधलंच नाही, कारण शोधायचं काय हेच तिथे उरलेलं नसावं.

म्हणून तुझं लोगोपेनिक मला पटत नाही. (प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया म्हणजे भाषा हळूहळू खचत जाणारा मेंदूचा आजार, लोगोपेनिक हा त्याच्या तीन प्रकारांतला एक.) आता लगेच सांगते, मी डॉक्टर नाही, मी बावीस वर्षं स्पीच थेरपी केली, आता बंद केली, आणि पत्रावरून निदान करणाऱ्या माणसाकडे तू फिरकूही नकोस, मी असले तरी. पण काय बघायचं ते सांगू शकते.

लोगोपेनिक प्रकारात वस्तू ओळखीची असते, शब्द हाताला लागत नाही, माणूस बोलता बोलता मध्येच थांबतो, आणि लांबलचक वाक्य मागून म्हणायला सांगितलं की अर्ध्यात सुटतं. नॉनफ्लुएंट प्रकारात अर्थ शाबूत असतात पण वाक्यच मोडतं, प्रत्यय गळायला लागतात, जीभ अडखळते, दोन शब्द बोलायला घाम फुटतो. आणि सिमॅंटिक प्रकारात बोलणं धो-धो चालू असतं, ऐकणाऱ्याला पटकन कळतही नाही काही बिघडलंय, पण शब्दांच्या आतला अर्थ झिजत जातो, आधी बारीक-बारीक आणि मग ढोबळ, म्हणजे कांगलांचं फळ होतं, इसवणाचं, म्हणजे सुरमईचं, नुसतं नुस्तें, मासळी होतं, आणि पुढे कधीतरी दोघांचं मिळून 'ती वस्तू' होतं. तुम्ही ज्याच्यावर हसलात ना, फळ फळ म्हणण्यावर, ती बहुतेक ह्याची पहिली खूण होती. हसलात म्हणून वाईट वाटून घेऊ नको, सगळी घरं हसतात.

हे तीन प्रकार २०११ साली जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवले, आणि काही माणसं तिन्ही खणांत धड बसत नाहीत हेही त्यांना माहीत आहे, तेव्हा तूसुद्धा लेबल लावायची घाई करू नको. घरी एक साधी गोष्ट करून बघता येते, पण एकदाच, सहज बोलता बोलता, परीक्षा घेतल्यासारखी नाही. शब्द अडला की पहिलं अक्षर द्यायचं. 'कां...' म्हटल्यावर 'हां, कांगलां!' आलं तर शब्द आत कुठेतरी आहे. 'कां' ऐकून चेहरा कोराच राहिला, आणि अख्खा शब्द सांगितल्यावरही 'म्हणजे काय' असंच राहिलं, तर गोष्ट वेगळी आहे आणि ती डॉक्टरला ह्याच शब्दांत सांग.

त्या डॉक्टरवर मी फार चिडत नाही, पण वय झालं हे काही निदान नाही. आपल्या डोक्यात डिमेन्शिया म्हणजे विसरणं, वाट चुकणं, तेच तेच विचारणं एवढंच बसलेलं आहे. तुझे बाबा वाट चुकत नाहीत, काल कोण आलेलं ते सांगतात, पैशाचा हिशेब चोख, म्हणून डॉक्टरला वाटलं काही नाही. खरं तर तेच विचित्र आहे, कालचा दिवस शिल्लक आणि कांगलां गेलेली, अल्झायमरची नेहमीची चाल याच्या बरोबर उलटी. प्रागमध्ये आर्नोल्ड पिक नावाच्या डॉक्टरनं १८९२ सालीच ७१ वर्षांच्या एका माणसाबद्दल लिहून ठेवलं होतं ज्याची भाषा हळूहळू खचली, पण मेंदूतली भाषेची जागा एकटीच आधी झिजू शकते, आठवण आणि अक्कल जागेवर ठेवून, हे लोकांनी मनावर घेतलं १९८२ नंतर, जेव्हा अमेरिकेत मार्सेल मेसुलम यांनी अशा सहा रुग्णांचं वर्णन छापलं. प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया हे नाव त्यांनी १९८७ मध्ये दिलं. लोकांना हा अफेजिया शब्द ठाऊक झाला तो हॉलिवूडचा नट ब्रूस विलिसमुळे, २०२२ मध्ये घरच्यांनी अफेजिया सांगितला आणि २०२३ मध्ये फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूचा पुढचा आणि कानशिलाकडचा भाग झिजण्याचा आजार. एवढ्या उशिरा समजलेली गोष्ट एखाद्या फॅमिली डॉक्टरच्या लक्षात आली नाही तर ठीक आहे, पण आता तिथेच थांबायचं नाही.

बांबोळीला जीएमसीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, न्यूरॉलॉजी ओपीडीत घेऊन जा. सकाळी लवकर, डबा घेऊन, आईला पण ने. बी-ट्वेल्व्ह आणि थायरॉइड बघतील, ते बघायलाच हवं, आणि कानांची तपासणी तू स्वतः मागून घे, कारण साठीनंतर कमी ऐकू येणं ह्यात भर घालत असू शकतं आणि कोणी विचारत नाही. एमआरआय काढतील. तेव्हा डॉक्टरला स्पष्ट सांग की बाबांच्या शब्दांचे अर्थ जातायत, स्मृती नाही, म्हणजे बघणारा टेम्पोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानशिलाकडच्या भागाच्या, पुढच्या टोकाकडे, जास्त करून डावीकडे, मुद्दाम बघेल. नाहीतर 'वयानुसार बदल' असं लिहून रिपोर्ट येतो आणि आपण पेढे वाटतो. गुंता वाटला तर बंगळूरला निमहान्स ही मेंदू आणि मनाच्या आजारांची मोठी संस्था आहे, तिथे याच आजारांवर वर्षानुवर्षं काम चाललंय.

आणि न विचारता अल्झायमरच्या गोळ्या चालू करू नका. कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवेल, अमक्याच्या सासऱ्याला डोनेपेझिलनं फरक पडला. लोगोपेनिकच्या मुळाशी बरेचदा अल्झायमरच असतो, तिथे डॉक्टर ती देऊन बघतात. सिमॅंटिकच्या मुळाशी बहुतेक वेळा टीडीपी-४३ नावाचं प्रथिन साचलेलं असतं, तिथे ह्या गोळ्यांचा उपयोग नाही, उलट काही जण जास्त बेचैन होतात. आजार थांबवेल असं औषध आज कुठल्याच प्रकाराला नाही, हे तू पेपरात वाचलंच असशील.

आता तुझं संशोधन.

आधी तुला एक काम देते, डिझर्टेशनशी त्याचा संबंध लावू नको. साधी शंभर पानी वही घे. दिवसाला एक वाक्य, फार तर दोन. तारीख, कुठे, समोर कोण, कोकणीत की मराठीत, आणि बाबा जे बोलले ते जसंच्या तसं, तू दुरुस्त न करता. शेजारी लिही समोरच्याला कळलं का. बस. तू एमए मराठीचा आहेस, तुला सामान्यरूप आणि विभक्ती माहीत आहेत, हे बांबोळीच्या डॉक्टरला माहीत असायचं कारण नाही. बाबा 'घराला' म्हणायचे तिथे 'घर' म्हणायला लागले, किंवा 'ती' चिबूड झाली, किंवा सगळं जिथल्या तिथे आहे आणि फक्त नामं पातळ होतायत, हे तू पकडू शकतोस, आणि तीन महिन्यांची अशी वही घेऊन तू ओपीडीत गेलास तर पाच मिनिटांत डॉक्टरला जे कळेल ते तुझ्या चौदा पेपरांच्या प्रिंटआउटमधून कळणार नाही. (प्रिंटआउट नेऊ नकोच. डॉक्टर लोक त्यानं पिसाळतात, मी बघितलंय.)

डिझर्टेशन मात्र बाबांवर नको. निदान आत्ता नको. कारण सांगते. बाबा तुला नाही म्हणू शकत नाहीत. ते मास्तर, मुलगा एमएचा अभ्यास करतोय, ते रोज बसतील तुझ्यासमोर, नको असलं तरी. आपल्याकडे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा माणसांची वेगळी काळजी घ्यायला सांगितलंय ज्यांना खरी संमती देणं अवघड जातं, ती नुसती कागदावरची सही नसते. आणि दुसरं कारण कुठल्या सूचनेत नाही. सेमिस्टर संपायच्या आत तुला काहीतरी दाखवायला लागणार, गाइड विचारणार प्रगती काय, आणि मग एखाद्या दिवशी बाबा छान बोलले, तिसऱ्या दिवशी विसरलेला शब्द परत आला, तर तुझ्या मनात एक क्षण येईल की अरे, ग्राफ बिघडला. तो क्षण तुझ्यावर येऊ नये असं मला वाटतं.

मी स्वतः यातून गेलेय. माझ्या आत्येला नॉनफ्लुएंट प्रकार होता, निदान व्हायला तीन वर्षं गेली, एका दवाखान्यात तर तिला डिप्रेशन म्हणून औषधं चालू केली होती आणि भाषेची चाचणी केली ती हिंदीत, जी हिंदी तिनं आयुष्यात फक्त टीव्हीवर ऐकलेली, आणि मार्क कमी आले म्हणून फाइलवर लिहिलं बौद्धिक घट. मी चिडले आणि म्हटलं मीच करते. रोज संध्याकाळी चित्रांची कार्डं घेऊन तिच्याकडे जायचे. हे काय? हे काय? आणि हे? थेरपिस्ट होते ना मी, सगळं पद्धतशीर. काही महिन्यांनी वहिनीनं सांगितलं की माझी निळी पिशवी फाटकापाशी दिसली की आत्ये मागच्या दारानं परसात निघून जाते आणि मी गेल्याशिवाय येत नाही. मला इतके दिवस वाटत होतं की ती कोंबड्यांना दाणे घालायला जाते. त्या कार्डांचा मला अजून राग येतो, आणि तो राग कार्डांवर काढते हेही मला कळतं.

मग डिझर्टेशन कशावर? सांगते, आणि हे मला कितीतरी वर्षं कोणीतरी करावंसं वाटतंय. ती जी चित्रं ओळखायची चाचणी असते ना, जगात सगळ्यात गाजलेली बोस्टन नेमिंग टेस्ट, ६० चित्रं, त्यात इग्लू आहे, बीव्हर आहे, प्रेट्झेल आहे. डिचोलीच्या माणसाला इग्लू ओळखता आला नाही तर मेंदूचा दोष म्हणायचं का बर्फाचा? आयसीएमआरनं भारतीय चाचण्यांचा संच केला, चांगला केला, पण सुरुवातीच्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. आणि नुसती मराठी असून भागत नाही आपलं. डिचोलीचा माणूस 'बटाटो' म्हणाला तर मराठीच्या चाचणीत ते बरोबर धरायचं का चूक? विळीला आदोळी म्हणाला तर? ह्याचं उत्तर द्यायचं तर आधी कळायला हवं की धडधाकट माणसं काय म्हणतात. तर तू चाळीस-पन्नास वस्तूंचे फोटो काढ, माटोळीतल्या, स्वयंपाकघरातल्या, बाजारातल्या मासळीचे, आणि पन्नास ते सत्तर वयाची, काहीही आजार नसलेली माणसं घे, डिचोली, सत्तरी, पेडणे, जमेल तिथली, आणि विचार ह्याला तुम्ही काय म्हणता. किती जण एकच नाव घेतात, किती जण कोकणी नाव घेतात, शिकलेले वेगळं म्हणतात का, त्यांतल्या धाकट्यांना माटोळीतलं तोरिंग ओळखता येतं का. अमेरिकेत स्नॉडग्रास आणि वॅन्डरवार्ट यांनी १९८० मध्ये २६० चित्रांचं असं कोष्टक केलं आणि जगभरचे लोक ते अजून वापरतात. आपल्याकडच्या थेरपिस्टला अशी पन्नास चित्रं मिळाली तर ती तुला दुवा देईल. आणि बाबांना तू ह्यात सहकारी म्हणून घेऊ शकतोस, कुठलं रान, कुठलं झाड, कोणाकडे अजून जुनी भांडी आहेत, हे त्यांना अजून माहीत असेल, नावं नसली तरी.

एक जाता जाता. इंग्रजी बोलणाऱ्या सिमॅंटिक रुग्णांची एक खूण असते, ज्यांचं स्पेलिंग आणि उच्चार जुळत नाहीत असे शब्द ते स्पेलिंगबरहुकूम वाचायला लागतात. आपल्या लिपीत जसं लिहिलं तसं वाचायचं म्हणून ही खूण दिसत नाही असं म्हणतात. पण आपला च आणि ज आहे की. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे मरू नको, लिहायला एक, ज वेगळा. 'जरा' म्हणजे थोडं आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण. अर्थ गेला तर कुठला ज म्हणायचा हे माणसाला कसं कळेल? हे तपासायला हवं असं मला कायम वाटत आलंय. एमएनंतर पीएचडी केलीस तर घे, फुकट देते.

आणि बाबांचा आवाज? तो रेकॉर्ड करायचाच, पण घरासाठी. त्यांना विचार, आत्ता विचार, फोन हातात धरून दाखव, बाबा मी ह्याच्यात तुमचं बोलणं ठेवू का, कोण ऐकेल, नको वाटलं तर पुसून टाकीन. दोन वेगवेगळ्या दिवशी विचार, दोन्ही दिवशी हो म्हणाले तरच. प्रश्न विचारू नको. माटोळी कशी बांधायची ते शिकवा म्हण, नाटकातली भानगड सांगा म्हण, कोणाची मिशी कधी पडली. मास्तर माणूस आहे, शिकवताना खुलतो.

घरात सगळ्यांना आणि वाड्यावर पण सांग की बाबांना 'मास्तर, मला ओळखलं?' हा खेळ बंद. ओळखलं नाही तर अपमान, ओळखलं तर टाळ्या, दोन्ही वाईट. आल्या आल्या आपणच म्हणायचं मी अमका, तमक्याचा झिलगो. शब्द विसरलेत ते पुन्हा शिकता येतात का, तर काही येतात, पण आपल्या रोजच्या वापरातल्या वस्तूचे, त्याच कपाचे, त्याच कोयत्याचे, चित्रातल्या कपाचे नाहीत, आणि सराव सुटला की पुन्हा जातात. म्हणून खऱ्या वस्तूंचे, घरच्याच माणसांचे फोटो लावून एक छोटी वही करा जी बाबांच्या खिशात राहील. आणि एक कार्ड, मला भाषेचा आजार आहे, मला काही शब्द सापडत नाहीत, काहींचा अर्थ कळत नाही, कृपया सावकाश बोला, खाली तुझा नंबर. स्कूटरवर पोलिसांनी अडवलं आणि लायसन्स म्हणजे काय असं बाबांनी विचारलं तर आपल्याकडे पहिला संशय कशाचा घेतात ते तुला माहीतच आहे.

आत्येच्या यजमानांना नमस्कार सांग आणि म्हणावं, उलट आहे. हैदराबादला सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये छापला, त्यात दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा लागलेला दिसला, न शिकलेल्यांमध्येसुद्धा. याचा अर्थ दुसरी भाषा हे औषध आहे असा नाही, एकदा लागल्यावर ती आजार थांबवत नाही. पण दोन भाषांमुळे गोंधळ झाला हे तर मुळीच नाही. ज्या भाषेत बाबा त्या क्षणी असतील त्या भाषेत तुम्ही जा. कोकणीत आई, मराठीत नाटक आणि आरती, त्यांचं आयुष्य तसंच वाटलेलं आहे, त्यातला अर्धा भाग आजाराच्याही आधी आपणच कशाला काढून घ्यायचा.

आईशी वाद घालू नको. कौल लावला, बरं केलं, तिला रात्री झोप लागली असेल. बांबोळी आणि देऊळ दोन्ही एका आठवड्यात होतं, आपल्याकडे काही फार लांब नाही. ती म्हणते तमासो करूं नाका, त्याच्यात मला लाज कमी आणि भीती जास्त ऐकू येते, आणि ह्या आजाराचं ओझं शेवटी तिच्याच खांद्यावर येणार, तुझ्या नाही. ह्याच गोव्यात, तिसवाडी आणि बार्देशमध्ये, डिमेन्शिया असलेल्या ८१ कुटुंबांवर एक चाचणी झाली होती, २००८ मध्ये छापून आली, अमित डायस, विक्रम पटेल वगैरे मंडळींची. तिथलीच, थोडं प्रशिक्षण दिलेली माणसं घरी जाऊन सांभाळणाऱ्यांशी बोलायची, आजार समजावायची, आणि सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण खरोखर कमी झाला. म्हणजे आईला कोणीतरी बोलायला मिळणं ही चैन नाही. आठवड्यातून एक दुपार बाबांबरोबर तू बस आणि तिला भजनाला पाठव. पेपर रात्री दोनला वाचतोस, ते बंद झाले तर दुपारी जागा राहशील.

कागदपत्रांचं पटापट सांगते. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात वाचा आणि भाषेचं अपंगत्व धरलेलं आहे, त्यात अफेजियाचं नाव घेऊन उल्लेख आहे, तेव्हा निदान पक्कं झालं की सर्टिफिकेटचं विचार. बँकेत नॉमिनी, जॉइंट खातं आताच. गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामायिक असते, जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागतात, मृत्युपत्र करायचं असलं तर नोटरीसमोर, आणि नोटरीला समोरच्या माणसाला समजतंय हे दिसायला लागतं, म्हणून पुढच्या वर्षावर ढकलू नका. फोनवर आलेल्या लिंका बाबांनी उघडायच्या नाहीत, यूपीआयची मर्यादा कमी करून ठेव, हिशेब चोख असला तरी.

तुला होईल का. रात्री दोन वाजता तू खरं तर हेच शोधत असतोस असं मला वाटलं, चूक असेन तर सोडून दे. फ्रंटोटेम्पोरल गटातल्या आजारांचे काही प्रकार घराण्यात चालतात, त्यांची जनुकंही सापडलीत, पण सिमॅंटिक प्रकार त्यात सगळ्यात कमी आनुवंशिक आहे. आजी-आजोबा, काका-आत्यांत कोणाला साठीच्या आत असं काही, किंवा स्वभाव एकदम बदलणं, झालं होतं का एवढं आईला विचारून ठेव, डॉक्टरही तेच विचारतील. नसेल तर झोप.

राहता राहिलं नाटक. उभे राहू देत. गद्याची मोठी भूमिका नको, तिथे समोरच्यानं वेगळंच काही घेतलं तर बाबांना सावरता येणार नाही आणि लोक हसतील, गावचे लोक प्रेमानंच हसतात पण हसतात. नांदीत उभे करा, आणि एखाद-दुसरं पद असलेली छोटी भूमिका. पाठ झालेली पदं, आरत्या, अभंग हे अर्थ झिजले तरी बरेचदा लांबपर्यंत टिकतात, एका ओळीला धरून दुसरी ओळ येते, त्याला अर्थाच्या कपाटात जावंच लागत नाही. मंडळाच्या लोकांना आधी विश्वासात घे, निदान दिग्दर्शक आणि पेटीवाल्याला. आणि विंगेत जो प्रॉम्प्टिंगला बसतो त्याला सांगून ठेव, सवयीप्रमाणे पहिलं अक्षर फेकू नको, मास्तर अडले तर आधीची अख्खी ओळ सुरात दे, पेटी चालू ठेवून, ते तिथून पकडतील.